झाक उजेडाची, रंग पक्ष्याचा
अंगणातल्या पक्ष्यांचे फोटो : गैरसमज आणि वस्तुस्थिती

उन्हाळा लागला की बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय आणि घाटाखाली काय, कितीतरी अंगणांत आणि गच्च्यांवर पाखरांसाठी पाण्याची भांडी मांडली जातात. बुलबुल, साळुंक्या, सातभाई, दयाळ पाण्यावर येतात आणि त्यांचे फोटोही निघतात. पण फोटो उघडून पाहावा तर दयाळाचं पांढरं पोट हिरवट आणि सातभाईची मातकट पाठ निळसर! मग रंग सुधारण्याची खटपट सुरू होते आणि तिथेच बरेच गैरसमज आडवे येतात.

गैरसमज १ : फोटोवर झाक आली म्हणजे कॅमेऱ्यात खोट आहे.
वस्तुस्थिती : बहुतेक वेळा झाक उजेडाची असते. भर दुपारच्या उन्हाचं रंगतापमान साधारण ५५०० केल्विन धरतात. सावलीत थेट ऊन पोचत नाही, तिथे निळ्या आकाशाचा उजेड असतो. तो सात-आठ हजार केल्विनपर्यंत जातो, म्हणून सावलीतला पक्षी निळसर येतो. मावळतीचं ऊन तीन हजारांच्या आसपास उतरतं आणि सगळं केशरी करतं. कडुनिंबाखाली पानांतून गाळून आलेला उजेड हिरवा असतो. शेजारची रंगवलेली भिंत किंवा वर ताणलेली ताडपत्री आपला रंग पक्ष्यावर टाकते, तो वेगळाच. आपला मेंदू हे फरक आपोआप सांभाळून घेतो. कॅमेरा मात्र आला तो उजेड तसाच टिपतो.

गैरसमज २ : व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर ठेवला की रंग खरेच येतात.
वस्तुस्थिती : ऑटो म्हणजे कॅमेऱ्याने बांधलेला अंदाज. चौकटीत वेगवेगळे रंग असतील तर तो बऱ्यापैकी जमतो. पण चौकटभर हिरवी पानं असली किंवा पिवळाजर्द हळद्याच सगळी जागा व्यापून बसला, तर कॅमेरा त्या रंगालाच झाक समजू शकतो आणि तो कमी करायला जातो. हळद्याचा पिवळा त्यामुळे फिका पडतो. शिवाय लागोपाठ काढलेल्या फोटोंत हा अंदाज बदलत राहतो. एकाच जागी बसून फोटो काढायचे असतील तर ‘ऊन’ किंवा ‘सावली’ असा ठरावीक पर्याय निवडावा. मग चूक झाली तरी सगळ्या फोटोंत सारखीच होते आणि एकदम सुधारता येते.

गैरसमज ३ : पिवळेपणा वाढवला की कोणतीही झाक जाते.
वस्तुस्थिती : संपादनाच्या ॲपमध्ये दोन वेगळे स्लायडर असतात. ‘टेंपरेचर’ निळ्या-पिवळ्याचा तोल साधतो, ‘टिंट’ हिरव्या-किरमिजीचा. निंबाखालची हिरवी झाक टेंपरेचर कितीही ओढला तरी जात नाही. तिथे टिंट किरमिजीकडे न्यावा लागतो. केल्विनच्या आकड्यानेही घोटाळा होतो. उजेडाचा आकडा जितका मोठा तितका तो निळा असतो, पण कॅमेऱ्यात मोठा आकडा लावला की फोटो पिवळा होतो, कारण कॅमेरा त्या निळ्याची भरपाई करत असतो.

गैरसमज ४ : पांढऱ्या पिसावर ड्रॉपर टेकवला की काम झालं.
वस्तुस्थिती : पांढरं पीस भरवशाचं नसतं. उन्हात ते इतकं उजळतं की तिन्ही रंगांचे आकडे कमाल मर्यादेला, म्हणजे २५५ला टेकतात. तिथे झाकेचा मागमूसच उरत नाही, मग ड्रॉपर मोजणार काय? धुळीत लोळलेल्या पाखराच्या पिसांवर मातीही असते. साधा पांढरा कागदही फसवतो. बहुतेक कागदांत चमक आणणारी रसायनं असतात. ती अतिनील किरण शोषून निळसर उजेड फेकतात, म्हणून त्या कागदावरून तोल साधला की फोटो पिवळट होतो. खात्रीचा उपाय म्हणजे राखाडी कार्ड. पाखरं येण्याआधी किंवा उडून गेल्यावर ते भांड्याजवळ, त्याच उजेडात धरून एक फोटो काढावा आणि ड्रॉपर त्यावर टेकवावा. उजेड बदलला की कार्डाचा फोटो पुन्हा घ्यावा.

गैरसमज ५ : रॉ फाइल असली की नंतर सगळं दुरुस्त होतं.
वस्तुस्थिती : रॉचा फायदा मोठा आहे. त्यात व्हाइट बॅलन्स ही नुसती नोंद असते, ती केव्हाही बदलता येते. चौदा बिटांच्या रॉमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपीईजीत २५६. पण पाठीवर आकाशाचा निळा आणि पोटावर गवताचा हिरवा असे दोन उजेड एकाच पक्ष्यावर पडले, तर सगळ्या फोटोला मिळून एकच दुरुस्ती लागू पडत नाही. पाठ सुधारली की पोट बिघडतं. तिथे मास्क लावून दोन्ही भाग वेगळे सुधारावे लागतात. त्याहून सोपं म्हणजे पाण्याचं भांडंच मोकळ्या, एकसारख्या उजेडात ठेवणं.

गैरसमज ६ : अनोखी छटा दिसली की ती झाकच.
वस्तुस्थिती : याचं उत्तर आपल्या जिल्ह्यातच आहे. जून २०२०मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलं, तेव्हा खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव आणि त्यांचं रंगद्रव्य हे त्याचं कारण निघालं. तो गुलाबी झाक समजून कुणी फोटोतून काढला असता, तर एका घटनेचा पुरावाच पुसला गेला असता. पक्ष्यांचंही तसंच आहे. विणीच्या हंगामात गायबगळ्याचं डोकं, मान आणि पाठ नारिंगी-बदामी होते, तो संध्याकाळच्या उन्हाचा परिणाम नव्हे. जांभळ्या शिंजीराचा नर सावलीत काळा आणि उन्हात निळा-जांभळा झळाळतो, कारण ती चमक पिसांच्या सूक्ष्म रचनेतून येते आणि उजेडाच्या कोनाबरोबर बदलते. दोन्ही फोटो खरेच असतात.

गैरसमज ७ : डोळ्याला बरं दिसलं की रंग बरोबर.
वस्तुस्थिती : मोबाइलचा ‘नाइट मोड’ चालू असेल तर पडदाच पिवळा असतो. त्यावर सुधारलेला फोटो दुसऱ्याच्या मोबाइलवर निळा दिसतो. तो मोड बंद करावा आणि आकड्यांवर भरवसा ठेवावा. राखाडी कार्डावर लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे जवळपास सारखे आले की तोल साधला. चिमणीच्या नराचा माथा राखाडी असतो. सुधारलेल्या फोटोत तो निळा किंवा तपकिरी दिसला, तर पुन्हा तपासावं.

ही काटेकोरी हवीच, कारण पक्ष्याच्या रंगात माहिती असते. हळद्याची मादी हिरवट पिवळी असते, नर झळझळीत पिवळा. मादीचा हिरवटपणा झाक म्हणून धुऊन टाकला, तर बघणारा तिला नर समजेल आणि ती चूक पुढे नोंदींत जाईल. म्हणून मूळ फाइल कधीही पुसू नये, आधी उजेडाची झाक काढावी आणि रंग गडद करण्याचा मोह तिथेच आवरावा. आपल्या अंगणात कोण आलं होतं हे पुढच्या पिढीला आपल्या फोटोंवरून कळणार असेल, तर ते फोटो आधी खरे हवेत, मग देखणे.