मांजर घुरघुरत नाही? मग हे वाचा

रापण ओढली की केरी, हरमल, मोरजीच्या किनाऱ्यावर गिऱ्हाइकांच्या आधी मांजरं हजर. पण घरचं मांजर मांडीवर घेतलं की घुरघुरतं, किनाऱ्यावरचं मात्र गप्प. असं का?

घुरघुर कंठातून येते. 2023 मध्ये ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी मेलेल्या मांजरांच्या स्वरयंत्रातून हवा सोडून पाहिली, तर तसाच आवाज निघाला, सेकंदाला 25 ते 30 कंपनं. पिल्लू काही दिवसांचं झालं की आईला चिकटून घुरघुरायला लागतं. काही मांजरं इतकी हळू घुरघुरतात की गळ्याला बोट लावल्यावरच कळतं. उघड्यावर वाढलेलं मांजर माणसाला भितं, म्हणून गप्प राहतं. तो आजार नव्हे.

मग काळजी कधी करायची? रोज घुरघुरणारं मांजर अचानक गप्प झालं, खाईना, लाळ गाळू लागलं तर. आपल्या घरात गळ, तंगूस, माशांचे काटे पडलेलेच असतात. तोंडातून तंगूस लोंबत असली तर ओढू नका. आत गळ असला तर आणखी फाटेल. तोंडात हातही घालू नका, कारण लाळ आणि बदललेला आवाज रेबीजमध्येसुद्धा असतो. सरळ जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. चावलं किंवा ओरबाडलं तर जखम 15 मिनिटं साबण-पाण्याने धुवा आणि लगेच आरोग्य केंद्रात जा.

आणि हो, उरलेले गळ, तंगूस डब्यात बंद ठेवा. घरात लहान पोरंही असतात.