फोर्डचा ‘एफ’ आणि द्राक्षांच्या पेट्या

टेम्पोतून जीप उतरवली, तेव्हा मित्राने बोनेट उघडलं नाही की गिअर हलवून पाहिला नाही. मुलुंडच्या शेडमध्ये तो सरळ फरशीवर आडवा झाला, रेडिएटरखाली हात घातला आणि चासीचा पुढचा आडवा दांडा चाचपू लागला.

“गोल नाही लागत. पालथ्या पन्हळीसारखा आहे. अरे, ही विलीज नव्हे, फोर्ड आहे!”

निफाडकडच्या एका द्राक्षमळ्यातून ही गाडी मी विलीज म्हणूनच आणली होती. आपल्याकडे युद्धातली जीप म्हटली की तेच नाव तोंडी येतं. पण दुसऱ्या महायुद्धात मागणी इतकी वाढली की विलीजच्या आराखड्यावर फोर्डलाही जीपा बांधायला दिल्या. दोघांनी मिळून 1945 पर्यंत सहा लाखांवर गाड्या बांधल्या. फोर्डच्या गाडीचं नाव जीपीडब्ल्यू: ‘जी’ म्हणजे सरकारी काम, ‘पी’ ही 80 इंची व्हीलबेसची खूण आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे आराखडा विलीजचा. रणांगणात एकीचा भाग दुसरीला बसलाच पाहिजे, अशी लष्कराची अट होती. विलीजचा पुढचा दांडा गोल नळीचा असतो, फोर्डचा तसा नाही. शिवाय फोर्डने आपल्या सुट्या भागांवर, अगदी बोल्टच्या माथ्यावरसुद्धा, छोटासा ‘एफ’ कोरला.

मग आमचे शनिवार-रविवार त्या ‘एफ’च्या शोधात जाऊ लागले. मित्र घाटकोपरहून यायचा. त्याचं आयुष्य कारखान्याच्या मेन्टेनन्समध्ये गेलेलं, त्यामुळे हातात पाना घेण्याआधी तो वही उघडायचा. रॉकेल, तारेचा ब्रश, जुनं धोतर. वरचा पिवळा थर, त्याखाली निळा, त्याखाली लाल प्रायमर आणि तळाशी तो मळकट लष्करी हिरवा. डाव्या बाजूच्या चासीवर ‘जीपीडब्ल्यू’ ही अक्षरं आणि पुढचे आकडे उमटले, तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. आम्ही दोघं बराच वेळ काही बोललोच नाही.

पण वहीत दुसरी यादीही वाढत होती, ‘एफ’ नसलेल्या भागांची. गिअरबॉक्स युद्धातला टी-84 नव्हता. नंतरच्या जीपांचा, जास्त दणकट टी-90 होता. पाटे बदललेले, स्टिअरिंगचे जोडही. हे सगळं आलं कुठून, याचं उत्तर मुंबईतच आहे. 1945 साली सुरू झालेली आणि 1948 पासून महिंद्र अँड महिंद्र म्हणवणारी कंपनी स्वातंत्र्यानंतर माझगावात विलीजच्या जीपा जोडू लागली. त्या जीपा याच गाडीच्या धाकट्या बहिणी. त्यांच्यामुळे सुटे भाग देशभर पसरले आणि युद्धातून उरलेल्या गाड्या शेतावर, खाणीवर, घाटात चालत राहिल्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आजही एखादा जुना दुकानदार भाग हातात घेऊन, नुसत्या वजनावरून, तो कुठल्या जीपचा ते सांगतो.

एक चूक माझी. मूळ सहा व्होल्टची वायरिंग परत करायची म्हणून मी स्टार्टरची केबल घेऊन आलो. नवी, लाल, देखणी. स्टार्टर कण्हला आणि थांबला. मित्राने केबल चाचपली. ती तापली होती. “तेवढ्याच ताकदीला व्होल्टेज निम्मं, तर करंट दुप्पट. ही बारा व्होल्टची बारीक केबल कशी पुरेल?” अंगठ्याएवढी जाड केबल घातली आणि इंजिन तिसऱ्या प्रयत्नात धडधडलं.

खरा वाद झाला तो मागच्या पत्र्यावरून. युद्धातल्या जीपला मागे दार नसतं, सलग पत्रा असतो. आमच्या गाडीचा पत्रा गॅसने कापून, बिजागऱ्या लावून फळका केलेला होता. द्राक्षांच्या पेट्या चढवायला. मला तो वेल्डिंगने बंद करायचा होता. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो, पण गाडी मूळ स्वरूपात हवी, असा माझा मुद्दा. मित्र म्हणाला, “लढाईत ती फार तर तीन-चार वर्षं असेल. पेट्या किती वर्षं वाहिल्या, ते त्या मळेवाल्याला विचार. तेवढीच वर्षं पुसायची का?”

मी आठवडाभर त्याच्याशी नीट बोललो नाही. मग एके दिवशी तो फळका हाताने घासायला घेतला. कापाची कड कुणीतरी कानशीने इतकी गुळगुळीत केली होती, की बोट फिरवलं तर कुठे ओरखडाही लागला नसता. फळका ठेवला. ‘व्हीए’चा अर्ज अजून केलेला नाही.

शेवटची रात्र व्हॉल्व्हच्या टॅपेटांची. या इंजिनात व्हॉल्व्ह बाजूला, मॅनिफोल्डच्या खाली असतात. दोन पातळ पाने घेऊन हात वाकडा करूनच तिथवर पोचावं लागतं. नेमका शेडमधला दिवा गेला. मी मोबाइल शोधायला लागलो. मित्राने पुढच्या दिव्याचा विंगनट सैल केला आणि तो आख्खा दिवाच मागे, इंजिनाकडे फिरवला. काळोखात दुरुस्ती करता यावी म्हणून सैनिकांसाठी केलेली ही सोय.

सहा व्होल्टचा तो पिवळसर उजेड टॅपेटांवर पडला. “फीलर गेज दे,” मित्र म्हणाला.