बर्फावरचं वन रूम किचन!

गोठलेल्या तळ्यावर आख्खं घर न्यायचं, घराच्या जमिनीला भोकं पाडायची आणि उबेत बसून मासे धरायचे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याचा हा फेव्हरिट विंटर टाइमपास. पण हेच घर व्हीलचेअरवरच्या मुलांसाठी बांधायचं ठरलं, आणि एका दहा वर्षांच्या मुलीने सगळ्या हौशी मिस्त्रींची विकेट काढली...

'अहो जिजू, पण जमिनीला भोकं कशाला?'

मी विचारलं आणि गॅरेजमधले पाचही जण हसायला लागले. डिसेंबर २०२३ ची गोष्ट. मी महिनाभरासाठी मिनिॲपोलिसजवळच्या एका उपनगरात ताईकडे गेले होते. डोक्यात प्लॅन साधा होता : भरपूर झोप, थोडं शॉपिंग आणि आयुष्यात पहिल्यांदा बर्फ. पहिल्याच शनिवारी जिजूंनी मला जाडजूड जॅकेट घालायला लावलं आणि शेजारच्या गॅरेजमध्ये नेलं. तिथे एक अर्धवट बांधलेलं घर उभं होतं. खाली चाकं, वर छप्पर, आणि जमिनीत जेवणाच्या ताटाएवढी गोल भोकं.

जिजू म्हणजे पुण्याचे, सदाशिव पेठेतले. आठवडाभर सॉफ्टवेअर, आणि मासा ताटात सोडाच, शेजारच्या टेबलावर आला तरी नाक मुरडणारे. हा माणूस दर शनिवारी मासेमारीचं घर बांधायला जातो, हे ताईने फोनवर सांगितलं होतं तेव्हा मला ती गंमत वाटली होती. इथे तर ते खरंच कानावर पेन्सिल खोचून प्लाय कापत होते!

हे प्रकरण आहे तरी काय?

मिनेसोटाच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'दहा हजार तळी' असं लिहिलेलं असतं. हा चक्क विनय आहे. दहा एकरांहून मोठी तळी मोजली तर आकडा ११,८४२ भरतो. हिवाळ्यात पारा उणे वीसच्या खाली गेला की ही तळी दगडासारखी गोठतात. मग लोक गाड्या घेऊन सरळ तळ्यावर जातात, गिरमिटाने बर्फाला भोक पाडतात आणि गळ टाकून बसतात. खालच्या पाण्यात मासे असतातच, फक्त जरा सुस्तावलेले.

उघड्यावर बसलं तर बोटं गळून पडतील अशी थंडी. म्हणून आली फिश हाउस. पूर्वी फळ्यांची खोपटी ओढत न्यायचे. आता गाडीमागे जोडायची चाकांवरची घरं मिळतात. तळ्यावर पोचलं की चाकं वर घ्यायची आणि घराची लोखंडी फ्रेम अलगद बर्फावर टेकवायची. जमिनीतल्या भोकांची झाकणं काढायची, त्यातूनच खालचा बर्फ भोसकायचा. आत बंक बेड, छोटी शेगडी, प्रोपेन गॅसचा हीटर. म्हणजे आपलं वन रूम किचनच, फक्त खाली पार्किंगऐवजी पाणी!

गॅरेजमधलं घर होतं ८ फूट बाय १६ फुटांचं. ते चाललं होतं मुलांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या स्थानिक संस्थेसाठी. स्नायूंचे आजार असलेली, व्हीलचेअरवरची, वर्षातले कितीतरी दिवस हॉस्पिटलमध्ये काढणारी मुलं. त्यांना ही संस्था उन्हाळ्यात तळ्याकाठी कॅम्पला नेते. हिवाळ्यात मात्र काहीच नाही. इथल्या मुलांच्या सोमवारच्या गप्पा म्हणजे 'आजोबांबरोबर तळ्यावर गेलो, एवढा मासा लागला' याच. या मुलांकडे सांगायला काही नसायचं. म्हणून हे घर.

टीमचे कॅप्टन होते शेजारी राहणारे निवृत्त सुतार. अमेरिकेत कुणी कुणाला काका म्हणत नाही, पण मी त्यांना पहिल्या दिवसापासून काकाच म्हटलं. अर्थ कळल्यावर त्यांना ते फार आवडलं. बाकी एक स्कूलबसचा ड्रायव्हर, जो वेल्डिंगमध्ये उस्ताद, एक नर्स, जिजू आणि त्यांच्या ऑफिसातला एक मित्र. लोखंडी फ्रेम संस्थेच्या देणगीतून आलेली, खिडक्या कुणाच्या तरी घराच्या रिनोव्हेशनमधून उरलेल्या.

इंचाइंचाचा हिशोब

व्हीलचेअर म्हटलं की आपल्याला फक्त रॅम्प आठवतो. मलाही तेवढंच माहीत होतं. काकांनी माझा क्लासच घेतला.

रॅम्पचा नियम असा : एक इंच चढायला बारा इंच लांबी. घराची फ्रेम बर्फावर टेकली की जमीन आणि बर्फ यांच्यात जेमतेम ५ इंच उरतात, म्हणजे ५ फुटांचा रॅम्प पुरतो. हेच घर चाकांवर उंच राहिलं असतं, तर रॅम्प घराएवढा लांब झाला असता! दरवाजा किमान ३२ इंच मोकळा हवा, यांनी ३६ ठेवला. खुर्चीला जागच्या जागी वळायला ५ फुटांचं वर्तुळ लागतं. घराची रुंदीच ८ फूट, म्हणून बंक बेड भिंतीवर बिजागरीने घडी होणारे. बॅटरीवर चालणारी खुर्ची एकटीच शंभर-दीडशे किलोंची असू शकते, म्हणून जमिनीखाली जास्तीच्या लोखंडी पट्ट्या. भिंतींत फोम, कारण यातल्या काही मुलांना थंडी बाधली तर थेट हॉस्पिटल गाठावं लागतं.

आणि हीटर? त्याचा धूर पाइपने बाहेर, शिवाय कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा अलार्म. बाथरूममधल्या गॅस गीझरने घात केल्याच्या बातम्या आपण वाचतोच. बंद खोली आणि जळता गॅस, धोका तोच.

सगळं इतकं पर्फेक्ट होतं की मी मनातल्या मनात लेखाचं हेडिंगही ठरवून टाकलं. तेवढ्यात ती आली.

'मला टीव्ही नको'

हँडओव्हरला तीन आठवडे उरले होते. नर्सबाई म्हणाल्या, एकदा एखाद्या मुलाला आत आणून बघू या का? त्यांच्या ओळखीतली एक दहा वर्षांची मुलगी आईबरोबर आली. जांभळी खुर्ची, जांभळी टोपी आणि हजरजबाबी. रॅम्पवरून झपकन वर, दारातून आत, गोल गिरकी. आम्ही टाळ्या वाजवल्या.

मग काकांनी तिला तिची जागा दाखवली. भिंतीलगत भोक, वर भिंतीवर रॅटल रील. मासा लागला की हे रीळ खुळखुळ्यासारखं वाजतं. ती पुढे सरकली आणि थांबली. खुर्चीचा पाय ठेवायचा भाग पुढे आलेला. तो नेमका भोकावर आला. तिला वाकता येत नाही. तिला दिसत होते स्वतःचे बूट आणि समोरची भिंत.

'नो प्रॉब्लेम!' जिजूंचा मित्र म्हणाला. 'पाण्याखाली कॅमेरा सोडू आणि समोर स्क्रीन लावू. तुला सगळ्यांपेक्षा भारी दिसेल.'

ती शांतपणे म्हणाली, 'हॉस्पिटलमध्ये मी दिवसभर स्क्रीनच बघते. मला टीव्ही नको. मला भोक बघायचंय.'

गॅरेजमध्ये एकदम शांतता. पाच मोठी माणसं, चार महिन्यांचे शनिवार, आणि हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. आम्ही दरवाजा मोजला, रॅम्प मोजला, खुर्चीचं वजनसुद्धा काढलं. खुर्चीत बसल्यावर डोळ्यांना काय दिसतं, ते कुणी पाहिलं नव्हतं. भोकं भिंतीलगत होती, कारण फिश हाउसमध्ये ती तिथेच असतात!

काकांनी खडू काढला. तिला म्हणाले, 'तूच सांग, कुठे हवं?' तिने खुर्ची तिरकी लावली आणि उजव्या हाताकडे बोट दाखवलं. मान जराशी वळवली की दिसेल आणि हात लांब केला की दोरी हातात येईल, अशी जागा. काकांनी तिथे गोल काढला. तो नेमका लोखंडी पट्टीवर!

म्हणजे जमीन उखडा, फोम खरवडून काढा, पट्टी कापून दुसरीकडे वेल्ड करा, परत सगळं बंद करा. तेही तीन आठवड्यांत. ती गेल्यावर वाद झालाच. ड्रायव्हरदादांचं म्हणणं, आहे ते चांगलंच आहे, बदल पुढच्या वर्षी करू. जिजूसुद्धा गप्प होते. काका एवढंच म्हणाले, 'पुढच्या वर्षी तिचं मनगट चालेल का, कुणाला माहितीय?'

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी सात वाजता पाचही जण हजर. मीही गेले आणि चार तास गुडघ्यांवर बसून फोम खरवडला. नखांत अडकलेला फोम परतीच्या विमानातही होता. नवी जमीन बसली, तेव्हा भोकं भिंत सोडून आत आली होती आणि रिळं बसल्या माणसाच्या कोपराच्या उंचीवर.

चेक का नाही फाडला?

न राहवून मी जिजूंना विचारलंच, 'तुमच्या पगारात तिथला सुतार सहज लावता येईल. सरळ पैसे का नाही देत?'

'पैसेही देतो,' ते म्हणाले. 'पण पैसे दिले असते ना, तर भोक भिंतीलगतच राहिलं असतं. बिल वेळेत चुकतं झालं असतं आणि मला वर्षभर छान वाटलं असतं.'

...आणि बर्फच आला नाही!

घर नव्या वर्षाच्या आधी तयार झालं. बर्फ मात्र झाला नाही. त्या नाताळला मिनिॲपोलिसमध्ये चक्क पाऊस पडला! २०२३-२४ चा हिवाळा तिथला आजवरचा सर्वात उबदार हिवाळा ठरला. २९ डिसेंबरला उत्तरेकडच्या अप्पर रेड लेकवर बर्फाचा मोठा तुकडा किनाऱ्यापासून सुटला आणि शंभराहून जास्त लोक त्यावर अडकले. सुदैवाने सगळे वाचले. गाडीसकट चाकांचं घर न्यायचं तर निदान २० इंच चांगला बर्फ हवा. संस्थेच्या तळ्यावर तो त्या हिवाळ्यात कधी झालाच नाही.

जानेवारीतला कॅम्प रद्द झाला. मी तेव्हा पुण्यात परतले होते. ताईने फोटो पाठवला : चर्चच्या पार्किंग लॉटमध्ये उभं घर, भोकांखाली डांबर. पाच-सहा मुलं तरी आली होती. आत बसून पिझ्झा खाल्ला, रिळं खुळखुळवली. जांभळ्या टोपीवाली फोटोत नव्हती. ती हॉस्पिटलमध्ये होती.

पुढचं वर्ष मी ताईला त्या घराबद्दल विचारलंच नाही. खरं सांगायचं तर विचारायची भीती वाटत होती.

फेब्रुवारी २०२५ मध्ये एका रात्री जिजूंचा व्हिडिओ आला. पांढरंशुभ्र तळं, त्यावर ते घर. आत जांभळी टोपी! खुर्ची तिरकी, मान उजवीकडे, हातात दोरी. मनगटाला आता पट्टा होता, दोरी त्याला अडकवलेली. खालच्या भोकात काळंभोर पाणी हलत होतं. ती एकटक बघत होती. सव्वा तासात एकही मासा लागला नाही, असं जिजूंनी खाली लिहिलं होतं. आणि तिची तक्रारही : 'घर चांगलं आहे, तळं चुकलंय.'

आणि आपण?

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका मैत्रिणीच्या कंपनीचा 'गिव्हिंग बॅक डे' होता. चाळीस जण एका शाळेची भिंत रंगवणार, टी-शर्ट छापून तयार. तिला मदत करायला मी आधी शाळेत गेले. तेव्हा ही मुलगी आठवली आणि मी मुख्याध्यापिकाबाईंना विचारलं, 'मॅडम, तुम्हाला काय हवंय?'

बाई आधी संकोचल्या. मग म्हणाल्या, 'भिंत गेल्या वर्षीच एका कंपनीने रंगवली हो. मुलींच्या टॉयलेटच्या दारांना कड्या नाहीत. त्या बसवून द्याल का?'

सहा दारं, सहा कड्या. सुतारासकट दोन तासांचं काम. उरलेल्या वेळात टी-शर्टवाल्यांनी मुलांबरोबर क्रिकेट खेळलं आणि सपाटून हरले.

---

चौकट : बर्फात जायचंय?

• चांगल्या, पारदर्शक बर्फाची जाडी किमान ४ इंच असेल तरच त्यावर पाय ठेवा, असं मिनेसोटाचं सरकारी खातं सांगतं. पांढरा, भुसभुशीत बर्फ असेल तर दुप्पट जाडी हवी. आणि पूर्ण सुरक्षित असा बर्फ नसतोच!

• मिनेसोटात बर्फावर एका माणसाला दोन गळ टाकता येतात.

• ब्रेनर्डजवळच्या गल लेकवर १९९१ पासून धर्मादाय कामांसाठी मासेमारीची भलीमोठी स्पर्धा भरवली जाऊ लागली. हजारो लोक, हजारो भोकं!

• मासे नकोत? मिनिॲपोलिसच्या 'आर्ट शँटी प्रोजेक्ट्स'मध्ये कलाकार गोठलेल्या तळ्यावर अशीच खोपटी उभारतात, पण कलेसाठी.

• विमानाचं तिकीट परवडत नसेल तर १९९३ चा 'ग्रम्पी ओल्ड मेन' बघा. दोन भांडकुदळ म्हातारे, बर्फ आणि फिश हाउस. वीकेंड वसूल!