टेस्ला कॉइल असो की पाण्याची मोटर : तारेवर वार्निश कोणते लावावे?

आमचा धंदा कापडाचा. तरीही विजेच्या तारेचा हा विषय आमच्यापर्यंत येतो, त्याचे कारण पुठ्ठ्याची नळी होय. कापडाचा तागा ज्या नळीवर गुंडाळून येतो, ती नळी मागण्यासाठी विज्ञान प्रदर्शनाच्या दिवसांत जळकोटची शाळकरी मुले आमच्या दुकानी येतात. त्यांना 'टेस्ला कॉइल' करावयाची असते. नळी आमच्याकडची आणि तार मोटर भरणाऱ्या कारागिराकडची. तार गुंडाळून झाली की मुले कारागिराला विचारतात, "चाचा, आता यावर काय लावायचे?" कारागीर बहुधा समोर उघडा असलेल्या डब्यातले वार्निश देऊन मोकळा होतो.

प्रश्न पोराचा असला तरी खुद्द कारागिराच्याही धंद्याचा आहे. जळकोट, उदगीर, अहमदपूर, मुखेड या भागात मोटर भरण्याच्या कामावर आपल्यातील अनेकांचे घर चालते. भरलेली मोटर ऐन पाणी देण्याच्या दिवसांत पुन्हा जळाली तर शेतकऱ्याचे पीक जाते आणि कारागिराचे नाव जाते. म्हणून दोन्ही कामांचा एकत्र विचार आम्ही येथे करीत आहोत.

वार्निशचे खरे काम

वीज अडवण्याचे काम वार्निश करते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. वीज अडवण्याचे मुख्य काम तांब्याच्या तारेवर कारखान्यातूनच चढवलेले एनॅमल करते. वार्निश हे त्या एनॅमलचे राखणदार. ते दोन तारांमधील फटी भरते, तारा हलू देत नाही, आतली उष्णता बाहेर जाण्यास वाट देते आणि दमटपणा व धूळ बाहेर ठेवते. तेव्हा वार्निश निवडताना चमक किंवा जाडी पाहू नये. या तारेचा शत्रू कोण, हे आधी पाहावे. शत्रू बदलला की वार्निश बदलते.

दमटपणाची गोष्ट कापडवाल्याला वेगळी सांगावी लागत नाही. हाताला कोरडे लागणारे सूतसुद्धा आत पाणी धरून असते. म्हणूनच सुताच्या व्यापारात कोरड्या वजनावर साडेआठ टक्के ओलावा धरून हिशेब करण्याचा रिवाज आहे. पॉलिएस्टरच्या धाग्यात हेच प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते. जुन्या काळी मोटरच्या तारेवर सुताचेच दुहेरी वेष्टन असे आणि वार्निश पाजलेले सुती कापड 'एम्पायर क्लॉथ' या नावाने खाचांत घालीत. वार्निश पाजल्याखेरीज ते कापड उपयोगाचे नव्हते, कारण नुसते सूत हवेतला ओलावा पिते. आज पॉलिएस्टरची फिल्म आणि पट्टी आली, तिचे कारणही हेच.

टेस्ला कॉइलचा हिशेब

निकोला टेस्ला या शास्त्रज्ञाने १८९१ साली अमेरिकेत ही कॉइल जगापुढे आणली. तिच्यात दोन वेटोळी असतात. खालचे वेटोळे जाड तारेचे आणि मोजक्या फेऱ्यांचे. दुसरे, ज्याला सेकंडरी म्हणतात, ते उभ्या नळीवर बारीक तारेच्या एकाच थरात गुंडाळलेले. चार इंची, म्हणजे ११० मिलिमीटर बाहेरच्या व्यासाच्या नळीवर २६ गेजच्या तारेच्या १००० फेऱ्या धरल्या तर गुंडाळीची उंची सुमारे ५० सेंटीमीटर होते. तार सुमारे ३५० मीटर लागते आणि तिचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास भरते.

आता वरच्या टोकाला दोन लाख व्होल्ट उत्पन्न झाले असे समजा. आकडा ऐकून छाती दडपते. पण हे दोन लाख १००० फेऱ्यांत विभागलेले असतात. लगतच्या दोन फेऱ्यांमध्ये सरासरी २०० व्होल्टच येतात, आणि चांगले एनॅमल त्याहून कितीतरी जास्त सहन करते. मग कॉइल बिघडते कशाने? दमट झालेल्या नळीने, गुंडाळताना खरवडलेल्या तारेने, पृष्ठभागावर बसलेल्या धुळीने आणि सैल होऊन एकमेकींवर चढलेल्या फेऱ्यांनी. एकदा पृष्ठभागावरून ठिणगी धावली की मागे कोळशाची रेघ राहते. कोळशातून वीज वाहते, म्हणून पुढची ठिणगी त्याच वाटेने जाते.

ही गुंडाळी मोटरसारखी तासन् तास तापत नाही. तेव्हा तिच्या वार्निशला उष्णता सोसण्याची मोठी गरज नाही. ओलावा न पिणे, भेगा न पडणे आणि ज्यातून वीज वाहते असे काही मिसळलेले नसणे, एवढे पुरे. खुद्द टेस्लाने आपली उच्च दाबाची वेटोळी तेलात बुडवून ठेवण्याचा मार्ग काढला होता. हवेला आणि ओलाव्याला जागाच उरू नये, हा त्यामागचा विचार. शाळेच्या कामात तेलाचे भांडे सोयीचे नाही, म्हणून वार्निश.

काय चालते, काय चालत नाही

चपडा : स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख सुतारांच्या ओळखीची आहे. विजेच्या कामात तिचा मान मोठा होता. या लाखेला पर्याय शोधता शोधताच लिओ बेकलंड यांनी १९०७ साली अमेरिकेत बेकेलाइट तयार केले. कोरड्या हवेत, मुलांच्या लहान कॉइलला चपडा चालतो. मात्र तो ओलावा थोडाफार घेतो, आणि पावसाळी हवेत लावला तर पांढरा पडतो.

पॉलियुरेथेन : फर्निचरवर लावतात ते पारदर्शक वार्निश. ओलावा चांगला अडवते, थर चिवट बसतो, दुकानात सहज मिळते. घरच्या कॉइलला आम्ही यालाच पहिली पसंती देऊ.

इपॉक्सी : दोन डब्यांतले मिसळून लावायचे. सर्वांत मजबूत, परंतु मिसळताना हवेचे बुडबुडे राहिले तर तेथेच काम बिघडते. शिवाय एकदा बसले की तार पुन्हा सोडवता येत नाही. तांब्याचा भाव पाहता याचा विचार आधीच करावा.

मोटरचे वार्निश : पारदर्शक आणि हवेत वाळणारे असेल तर कॉइललाही चालते. भट्टीत वाळवण्याचे असेल तर प्लास्टिकच्या नळीवर लावू नये. भट्टीत नळीच वाकेल आणि भट्टीविना थर चिकट राहील.

वर्ज्य : काळ्या रंगात काजळी असते, चंदेरी रंगात धातूची भुकटी असते. दोन्ही लावू नयेत. पांढरा गोंद पाण्यात बनवलेला, म्हणून तोही नको. चिकटपट्टी गुंडाळली तर तिच्याखाली हवा अडकते आणि काही दिवसांनी कडा सुटतात.

लावण्याची रीत

नळी पीव्हीसीची असेल तर धुऊन, पूर्ण वाळवून, बारीक कागदाने घासावी आणि तिच्यावरचे छापील अक्षर काढून टाकावे. पुठ्ठ्याची असेल तर कडक उन्हात चांगली सुकवावी आणि तार गुंडाळण्यापूर्वीच आतून-बाहेरून वार्निशचे दोन हात द्यावेत. ओल्या पुठ्ठ्यावर वार्निश लावणे म्हणजे ओलावा आत कोंडून वरून कुलूप घालणे होय. तारेचे टोक नळीला भोक पाडून आतून नेऊ नये, नाहीतर ठिणगीला आतली वाट मिळते.

एकच जाड थर देण्यापेक्षा चार-पाच पातळ थर द्यावेत. नळी आडवी टांगून मधूनमधून फिरवीत राहावी, म्हणजे ओघळ येत नाहीत. दोन थरांमध्ये एक दिवस जाऊ द्यावा. थिनर जपून वापरावा, कारण काही थिनर पीव्हीसी विरघळवतात आणि काही एनॅमल नरम करतात. टाकाऊ तुकड्यावर आधी लावून पाहावे. वास पूर्ण गेल्याशिवाय कॉइल चालू करू नये, कारण थिनरच्या वाफेला ठिणगीने आग लागते.

एक इशारा. वार्निशने कॉइल टिकते, माणूस वाचत नाही. वीतभर ठिणगीला वार्निशचा थर अडवू शकत नाही, तेथे अंतरच हवे. या कॉइलला वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर जीवघेणा असतो. मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर तर मुलांच्या हाती देऊच नये. जाणकार शिक्षक जवळ उभे असल्याखेरीज बटण दाबू नये.

मोटरचा शत्रू वेगळा

आता कारागिराच्या रोजच्या कामाकडे वळू. मोटरमध्ये तीन शत्रू एकदम येतात : उष्णता, थरथर आणि ओलावा. चपडा येथे कामाचा नाही, कारण तो सुमारे ७५-८० अंशांवर नरम पडतो आणि मोटरची गुंडाळी त्याहून अधिक तापते. येथे वर्ग पाहावा. बी वर्ग १३० अंश, एफ वर्ग १५५ अंश आणि एच वर्ग १८० अंश सेल्सियसपर्यंतचा. तार, खाचेतला कागद, स्लीव्ह आणि वार्निश एकाच वर्गाचे असावे. तार एफ वर्गाची आणि स्लीव्ह कमी वर्गाची घातली तर सगळी मोटर त्या स्लीव्हच्याच लायकीची ठरते. गुंडाळी दहा अंश जास्त तापली की तिचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा या धंद्यातील जुना ठोकताळा आहे.

बोअरच्या पाणबुडी मोटरींपैकी ज्यांच्या आत पाणीच भरलेले असते, त्यांना प्लास्टिकचे वेष्टन असलेली तार लागते. तेथे वार्निशचा प्रश्न येत नाही. विहिरीवरच्या आणि गिरणीच्या कोरड्या मोटरींना मात्र वार्निश अनिवार्य आहे.

रीत अशी : गुंडाळलेली मोटर आधी भट्टीत १०० अंशांच्या थोडे वर तापवून ओलावा घालवावा. मग कोमट होऊ देऊन वार्निशमध्ये बुडवावी, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावी, निथळू द्यावी आणि डब्यावर लिहिलेल्या उष्णतेवर, लिहिलेल्या तासांपर्यंत वाळवावी. वरून ब्रशने फिरवलेले वार्निश खाचेच्या तळापर्यंत जात नाही. मोटर देण्यापूर्वी ५०० व्होल्टचा मेगर लावावा. नव्याने भरलेल्या मोटरचा आकडा ५ मेगओहमच्या खाली असेल तर ती गिऱ्हाइकाला देऊ नये, पुन्हा वाळवावी.

भट्टीचा खर्च एका दुकानाला जड जातो, हे खरे आहे. मग चार-पाच दुकानदारांनी मिळून एक भट्टी घेण्यास काय हरकत आहे? वार्निशचा खर्च तांब्याच्या खर्चापुढे किरकोळ असतो, पण काटकसर नेमकी तेथेच केली जाते. गिऱ्हाईक आतले काही पाहू शकत नाही. तो फक्त कारागिराच्या शब्दावर मोटर घेऊन जातो. म्हणून आमची सूचना अशी की, बिलावर तारेचा गेज, वार्निशचा वर्ग, मेगरचा आकडा आणि तारीख या चार गोष्टी लिहून द्याव्यात. लिहावे लागले म्हणजे हात आपोआप नीट चालतो. आणि गल्लीतला पोरगा कॉइल घेऊन आला तर त्याला डबा देण्याआधी हा विचारही समजावून सांगावा. उद्याचा कारागीर कदाचित तोच असेल.