प्रसार भारती : स्वायत्तता आणि तिजोरी

भारतातील नियमित नभोवाणीचा आरंभ खाजगी भांडवलावर झाला आणि तो प्रयोग तीन वर्षांच्या आतच पैशाअभावी कोसळला. २३ जुलै १९२७ रोजी मुंबई केंद्र सुरू करणाऱ्या इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीची मुख्य मिळकत परवाना शुल्काची, म्हणजे रेडिओ संच बाळगणाऱ्याने वर्षाला भरायच्या दहा रुपयांतील हिश्शाची होती. परवानाधारक फारसे वाढले नाहीत, १९३० मध्ये कंपनी बुडाली आणि तिची केंद्रे सरकारकडे गेली. श्रोता प्रसारणाचा खर्च कसा पेलणार, हा प्रश्न त्यामुळे भारतीय नभोवाणीच्या जन्मापासूनचा आहे.

लोकसेवा प्रसारण म्हणजे ज्याचे विषय श्रोत्याच्या खरेदीशक्तीवर ठरत नाहीत असे प्रसारण. त्याचा अर्थ १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने केलेल्या प्रयोगात सर्वांत स्पष्ट दिसतो. पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतामंडळे स्थापन झाली. गावकऱ्यांनी शेती, आरोग्य, शिक्षण यांवरील कार्यक्रम एकत्र बसून ऐकावेत, त्यांवर चर्चा करावी आणि ठरले ते करून पाहावे, अशी ती योजना होती. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरॅथ यांनी मंडळे असलेल्या आणि नसलेल्या गावांची तुलना केली, तेव्हा मंडळांच्या गावांत ज्ञानाची लक्षणीय वाढ आढळली. अशा श्रोत्यासाठी कोणता जाहिरातदार पैसे मोजेल?

जाहिराती मात्र आल्याच. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर येथील विविध भारतीवर त्या सुरू झाल्या, पुढे १९८०च्या दशकात परवाना शुल्क रद्द झाले आणि श्रोत्याचा संस्थेशी असलेला थेट आर्थिक संबंध तुटला. ते शुल्क गरिबाला जाचक होते हे खरे. परंतु त्याच्या जागी तितकाच स्वतंत्र स्रोत उभा राहिला नाही, ही मोठी चूक होती. १९९० चा प्रसार भारती कायदा १९९७ मध्ये अमलात आला, आकाशवाणी व दूरदर्शन वैधानिक महामंडळाकडे गेले, तरी त्याच्या खर्चाचा मोठा भाग केंद्राच्या अनुदानातून येतो आणि त्या अनुदानाचा फार मोठा हिस्सा वेतनावर जातो. मासिक शुल्क न घेणाऱ्या, दूरदर्शनच्या डीडी फ्री डिश या उपग्रह सेवेवरील वाहिन्यांच्या जागांचा लिलाव उत्पन्न देतो. २०२३ मध्ये यंत्रसामग्रीच्या आधुनिकीकरणासाठी २,५३९.६१ कोटी रुपयांची योजनाही मंजूर झाली. परंतु यंत्रांसाठी मिळालेल्या पैशातून ग्रामीण वार्ताहर किंवा बोलीभाषांतील कार्यक्रम उभे राहत नाहीत.

जर्मनीत लोकसेवा प्रसारणासाठी दर घराकडून घेतल्या जाणाऱ्या वर्गणीची रक्कम स्वतंत्र आयोग सुचवतो, आणि एका राज्याने वाढीला संमती नाकारली तेव्हा २०२१ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती वाढ लागू केली. भारतात घरटी वर्गणी पुन्हा आणणे अन्यायाचे ठरेल. मात्र केंद्र व राज्ये यांच्यातील महसुलाचे वाटप जसे साधारण पाच वर्षांसाठी वित्त आयोग सुचवतो, तसे प्रसार भारतीचे अनुदानही स्वतंत्र आयोगाच्या शिफारशीने पाच वर्षांसाठी निश्चित व्हावे, आणि त्यातील ठरावीक वाटा प्रादेशिक केंद्रांच्या कार्यक्रमनिर्मितीसाठी कायद्यानेच राखून ठेवावा.