गरजेतून घडलेला गुरू

त्यांच्यावरील २००८ च्या चित्रपटामुळे इप मान जगाला माहीत झाले ते लढवय्ये म्हणून. माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण शिकवण्यात आहे, आणि ते शिक्षकपण परिस्थितीने त्यांच्यावर लादले. १८९३ साली चीनमधील फोशानच्या सधन घरात जन्मलेल्या या माणसाला विंग चुन ही युद्धकला पोटासाठी शिकवण्याची गरज नव्हती. १९४९ मध्ये चीनमध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले, तेव्हा इप मान हाँगकाँगला आले आणि सगळे गमावून बसले. १९५० मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, हॉटेल कामगारांच्या संघटनेत त्यांनी वर्ग सुरू केला. दिवसभर राबणाऱ्या या पोरांना विंग चुनमधली पंचतत्त्वांची गूढ परिभाषा काय कामाची? ती त्यांनी बाजूला ठेवली. दोघांनी हाताला हात भिडवून, समोरच्याचा जोर स्पर्शातून ओळखत करायच्या सरावावर भर दिला.

पैसे घेऊन विद्या विकली, असे कोणी म्हणेल. पण फी नसती तर ही कला मोजक्या घरांतच अडकून राहिली असती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सिनेनट ब्रूस ली शिष्य नसता, तर इप मान कोणाला ठाऊक असते? प्रसिद्धीपुरते हे मान्य. मात्र ब्रूस लीला बरेचसे धडे दिले ते वाँग शुन-लिउंग या थोरल्या शिष्याने. म्हणजे १९७२ मध्ये गुरूचे निधन होण्याच्या कितीतरी आधीच त्यांचे शिष्य स्वतः शिकवू लागले होते.