चमचाभर साखरेचा हिशेब

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. उपाशीपोटी त्या सगळ्या रक्तात मिळून साखर किती असावी? जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. डॉक्टर मधुमेहाचं निदान करतात तो उपाशीपोटीचा आकडा आहे १२६, म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तात १२६ मिलिग्रॅम साखर. त्याचा हिशेब मांडला तर रक्तात साखर भरते सव्वासहा ग्रॅम. धडधाकट माणूस आणि ‘शुगर निघालेला’ माणूस यांच्यात अंतर एवढंच, ग्रॅम-सव्वा ग्रॅमचं!

आता बुलढाणा तालुक्यातल्या धाडमधल्या एखाद्या घरातलं दुपारचं ताट बघा. पन्नास ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीत साधारण ३५ ग्रॅम स्टार्च असतो आणि पोटात त्याची साखरच होते. म्हणजे रक्तात असते त्याच्या सातपट साखर एकाच भाकरीतून येते, आणि ताटात भाकरी दोन असतात. तरीही निरोगी माणसाचा आकडा दोन-तीन तासांत जागेवर येतो. स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटतं आणि जास्तीची साखर यकृतात नि स्नायूंत साठवली जाते. मधुमेहात हे इन्सुलिन कमी पडतं किंवा शरीर त्याला दाद देत नाही.

“रात्री गोडाचा कणही खाल्ला नाही, मग सकाळी शुगर वाढली कशी?” हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. उत्तर यकृतात आहे. आपण झोपलो तरी मेंदूला साखर लागतेच, म्हणून यकृत रात्रभर ती थोडी थोडी सोडत राहतं. इन्सुलिनचा लगाम सैल झाला की ते गरजेपेक्षा जास्त सोडतं. मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळी मुख्यतः इथेच काम करते.

“मी तर वाळका माणूस, मला कशी होईल शुगर?” असंही लोक म्हणतात. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी काढलेला एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी अशी लपलेली असू शकते.

मग खायचं काय? भाकर सोडायची गरज नाही. ती किती खातो आणि कशासोबत खातो, ते बघायचं. आधी पालेभाजी, काकडी, घट्ट वरण किंवा उसळ खावी आणि भाकर नंतर. त्याच जेवणाने साखर कमी चढते. ज्वारीत अख्खे उडीद घालून दळलेली कळण्याची भाकर इथे कामाची, कारण डाळीतली प्रथिनं आणि साल पचनाचा वेग कमी करतात. उलट उपासाचा साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च, तो भराभर चढतो. आणि गूळ शेवटी साखरच.

सगळ्यात नवलाची गोष्ट आपल्या पायांत आहे. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट पाहत नाही. चालताना त्याच्या पेशींतली साखर ओढून घेणारी दारं आपोआप उघडतात. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाललं तरी आकड्यात फरक दिसतो.

एक मात्र पाळा. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरू नका, डोस बदलू नका. साखर एकदम उतरणं चढण्याइतकंच घातक, किंबहुना जास्तच. नव्यानं शुगर निघाली असेल तर आठवडाभर नेहमीचंच जेवा आणि जेवल्यावर दोन तासांनी साखर मोजून वहीत लिहा. कोणतं ताट तुम्हाला मानवतं, ते त्या वहीतून कळेल. पुढच्या तपासणीला जाताना ती वही सोबत न्या.